एल्डर येसुपादम यांचा पाय आणि आमची वंशावळ

मु. पो. इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशीम
बुधवार, पोरं गेल्यावर

चि. सतीश यास किशनदादाचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम. चि. सौ. पल्लवीलाही तेच, जरा जास्त.

इकडे सर्व ठीक आहे. आईला शहाऐंशीवं लागलं. गुडघे मागच्या वर्षी होते तसेच आहेत, जीभ मात्र दिवसेंदिवस सुधारते आहे. तुझी वहिनी रुपाबाई बरी आहे आणि तू पाठवलेला स्वेटर तिनं शेजारच्या भागिरथाबाईला दाखवून पुन्हा पेटीत ठेवला आहे (थंडी पडली की घालीन म्हणते, मागच्या थंडीतही हेच म्हणाली होती). सोयाबीन सोंगून झालं, मळणी व्हायची आहे, तूर बरी दिसते. तुझं पित्त कसं आहे? कंपनीच्या कॅन्टीनमधलं खाऊ नकोस असं आई सांगते. तिनं तुझं कॅन्टीन पाहिलेलं नाही, पण तिचं मत पक्कं आहे.

आता मुद्द्याचं. मागच्या दिवाळीत तू मला फोनवर बजावलं होतंस की दादा, त्या पोराचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. मी थोरला असूनही हो म्हणालो, कारण तुझा राग मला कळतो. बंगलोरला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला पोरगा तिथं मॉर्मन लोकांच्या चर्चमध्ये जातो काय, शिक्षणाला दोन वर्षांची सुट्टी देऊन त्यांचा प्रचारक होऊन गावोगाव फिरतो काय. आपल्या बानं जे मिळवलं ते यानं टाकून दिलं, असं तू म्हणालास. तेव्हापासून तू त्याच्याशी बोललेला नाहीस, आणि मी तुझ्याशी त्याच्याबद्दल बोललेलो नाही. दिलेला शब्द मी आजही पाळणार आहे. हे पत्र तुझ्या मुलाबद्दल नाही. हे पत्र एल्डर येसुपादम या राजमहेंद्रीकडच्या तरुणाच्या डाव्या पायाबद्दल आहे. आता तो पाय एकटा फिरत नव्हता, त्याच्यासोबत नियमानंच दुसरा एक जण असतो, त्याला मी काय करू? त्या दुसऱ्याचा उल्लेख जिथं टळणार नाही तिथं मी कंसात करीन. वाचायचा की नाही ते तू ठरव. शाळेत मी छत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो की आधी कंस सोडवा, पण ते गणितापुरतं.

तर गेल्या मंगळवारी हा पाय हैदराबादहून अकोल्याकडे निघाला होता. त्यांच्यात दर काही महिन्यांनी बदली होते, मास्तरांसारखीच, फक्त पुढाऱ्याकडे चकरा न मारता. वाशीम स्टेशनावर एल्डर येसुपादम बाटली भरायला उतरले आणि फलाटाच्या कडेवर पाय मुरगाळून बसले. गाडी गेली. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की बारीक चीर आहे, प्लास्टर घालतो, आठ दिवस पाय खाली टेकायचा नाही. त्यांचे मिशनचे अध्यक्ष म्हणून कोणी साहेब आहेत, त्यांना फोन झाला. साहेबांनी विचारलं, राहणार कुठं? (तो म्हणाला, माझे मोठेबाबा इथून जवळच राहतात. ‘जवळच’ म्हणाला. नऊ वर्षांनी येत होता, तरी.) साहेबांनी परवानगी दिली, पण सगळे नियम पाळायचे आणि कोणी स्वतःहून विचारल्याशिवाय धर्माचं बोलायचं नाही, या अटीवर. संध्याकाळी आपल्या दारात ऑटो थांबला. आधी प्लास्टर उतरलं, मग एल्डर येसुपादम, मग दोन बॅगा (मग तुझा मुलगा. तुझ्यासारखाच उतरतो, आधी एक पाय टेकवून इकडंतिकडं पाहतो, मग दुसरा).

एल्डर म्हणजे वडीलधारा. दोघंही एकवीस-बावीसचे, आणि एकमेकांना एल्डर म्हणूनच हाक मारतात. आईनं विचारलं की ही पोरं वडीलधारी, तर मग मी कोण. ‘येसुपादम’ तिला जमेना, म्हणून पहिल्या रात्रीच तिनं त्याचा येसाजी केला, आणि त्यानंही ते नाव निमूटपणे घेतलं. त्याला मराठी येत नाही, आईला तेलुगू येत नाही, पण आठ दिवस दोघं तासन्तास बोलत होती आणि एकदाही भांडण झालं नाही. आपल्या घरात हे पहिल्यांदाच घडलं असावं.

त्यांचे नियम सांगतो. सकाळी साडेसहाला उठायचं. (पल्लवीला सांग, स्वतःहून उठतो. तू त्याला सातदा हाका मारायचास ना, तोच हा.) उठून गुडघ्यावर प्रार्थना, मग तासभर पुस्तक, मग पांढरा शर्ट, टाय, छातीला काळा बिल्ला. टीव्ही नाही, सिनेमा नाही, साडेदहाला दिवा बंद. हे सगळं मी शाळेच्या वसतिगृहात लावून पाहिलं होतं आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिलं होतं. पण मुख्य नियम हा की दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. एकानं दुसऱ्याला सोडून कुठंही जायचं नाही. आता एकाचा पाय प्लास्टरमध्ये असताना हा नियम पाळायचा म्हणजे काय, याचा विचार साहेबांनी केला नसावा. (प्रज्वल आंघोळीला गेला की) न्हाणीच्या बाहेर खुर्ची टाकून एल्डर येसुपादम यांना बसवायचं. (प्रज्वल दळण घेऊन गेला की) गिरणीपुढच्या ओट्यावर एल्डर येसुपादम. गुरुवारी (तो म्हणाला, मोठेबाबा, फुकट बसून खायला बरं वाटत नाही, सोंगणीला येतो), तर एल्डर येसुपादम यांना बैलगाडीत गादी टाकून शेतात न्यावं लागलं. बाभळीखाली पोत्यावर पाय ठेवून ते दिवसभर बसले आणि मजुरिणींना हात करत राहिले. बायांना वाटलं देखरेखीला आणलेला माणूस आहे. त्या दिवशी आपलं सोयाबीन एरवीपेक्षा लवकर आटोपलं. (तुझ्या मुलाचे हात शेंगांनी फाटले. टाय मात्र त्यानं खिशात घालून ठेवला होता. रुपाबाईनं रात्री हळद लावली.) दोघांची ही जोडी पाहून आई म्हणाली की एवढं लक्ष मी लग्नानंतर तुह्या बापावरही नव्हतं ठेवलं.

चहा ते पीत नाहीत. तुला माहीतच असेल, पण रुपाबाईला माहीत नव्हतं. तिनं पहिल्या दिवशी आलं-वेलदोडा घालून केलेला चहा दोघांनी हात जोडून परत केला, तेव्हा तिचं तोंड असं झालं की मी तिकडं पाहिलंच नाही. मग दूध, गूळपाणी, दुपारी ताक असं जमलं. पण गोष्ट घरात राहिली नाही. भागिरथाबाईनं ती विहिरीवर नेली, आणि तिथून पुढं जे झालं ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. (म्हणजे पायासाठी.)

झालं असं की या मॉर्मन लोकांमध्ये पूर्वजांची नावं गोळा करणं हे फार मोठं काम मानतात. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, नुसती पुरुषांचीच नव्हे, आज्या-पणज्यांचीसुद्धा, जन्म कधी, लग्न कुठं, मृत्यू कधी. त्याचे छापील कागद असतात, झाडासारख्या रेघा मारलेले. शुक्रवारी सकाळी एल्डर येसुपादम यांनी पाय स्टुलावर ठेवला (आणि प्रज्वलनं आईजवळ बसून) हे कागद ओसरीवर पसरले. आता तूच सांग. दोन अनोळखी माणसं, पांढरे शर्ट, टाय, छातीला इंग्रजी बिल्ला, मांडीवर कागद, आणि म्हाताऱ्या बाईला विचारतायत की तुमच्या सासऱ्याच्या बापाचं नाव काय. आपल्या जिल्ह्यात हे दृश्य पाहून माणसाला एकच गोष्ट सुचते. अर्ध्या तासात गावभर झालं की जात पडताळणीचं दक्षता पथक आलं आणि किशन गुरुजींच्या ओसरीवर बसलं.

तू पुण्याकडं राहतोस, म्हणून आठवण करून देतो. इथं पोराला इंजिनिअरिंगला किंवा पोरीला नर्सिंगला घालायचं म्हणजे पडताळणीचा कागद लागतो, आणि तो कागद म्हणजे वंशावळ. पणजोबाचा शाळेचा दाखला नसेल तर कोतवाल बुकातली नक्कल आणा, ती नसेल तर अजून जुनं काही आणा. आणि संशय आला तर पथक थेट घरी येऊन म्हाताऱ्यांची तोंडी चौकशी करतं. त्यामुळं आपल्या गावात देवधर्माची पुस्तकं माणसं विसरतील, पण पणजोबाच्या नकलेची झेरॉक्स कुठल्या डब्यात आहे ते झोपेतही सांगतील.

लोकांची खात्री कशावरून पटली म्हणशील, तर चहावरून. आजवर आलेल्या प्रत्येक साहेबानं चहा घेतलेला आहे. जो चहासुद्धा घेत नाही तो किती कडक असेल, हा हिशेब सरळ होता. त्यात दोघं एकमेकांना सोडत नाहीत, म्हणजे एकानं दुसऱ्यावर नजर ठेवायची, कोणी चिरीमिरी घेऊ नये म्हणून. बाभळीखाली बसून एक जण शेतात आपल्यावर लक्ष ठेवत होता, हे मजुरिणींनी सांगितलंच. कॉलेजात जाणाऱ्या शिवमनं बिल्ला वाचून सांगितलं की यावर तर चर्चचं नाव आहे. त्यावर त्याला समजावण्यात आलं की गुप्त पथक स्वतःचं नाव छातीला लावून फिरेल काय.

शनिवारी सकाळी साडेसहाला हे दोघं प्रार्थनेला गुडघ्यावर बसले तेव्हा अंगणात अकरा माणसं फाइली घेऊन उभी होती. कुणबी होते, बंजारा तांड्यावरचे होते, आपल्या वस्तीतले होते, दोन घरं माळ्यांची होती. एका अंगणात, एका रांगेत, कोणी कोणाच्या पुढं न घुसता. गावातल्या पुढाऱ्यांना हे पन्नास वर्षांत जमलं नव्हतं. (प्रज्वल बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला की मी अधिकारी नाही, माझ्याकडून कोणाचं काही काम होणार नाही.) रांगेत सगळ्यांनी समजून माना डोलावल्या. खरा अधिकारी असंच म्हणतो. मीही सांगून पाहिलं, तर मला ऐकवण्यात आलं की गुरुजी, तुमचा पुतण्या साहेब झाला हे लपवता कायले, आनंदाची गोष्ट आहे.

शेवटी तांड्यावरचा रूपला म्हातारा पुढं आला. त्याच्या नातीचा, वैभवीचा, नर्सिंगचा प्रवेश कागदासाठी अडला आहे. त्यानं पिशवीतून सगळं काढून एल्डर येसुपादम यांच्या प्लास्टरवर मांडलं, कारण स्टूल पुरत नव्हतं. म्हणाला, साहेब, मंजूर करू नका, पण नीट लिहून तरी द्या, लिहिणाराच मिळत नाही. (मग प्रज्वलनं माझ्याकडं पाहिलं आणि लिहायला बसला.) दिवसभर चाललं ते. रूपलाचं, मग भागिरथाबाईच्या माहेरचं, मग एकेकाचं. सुरेख अक्षरात, रेघांनी जोडून, कोण कोणाचा कोण. लिहून झालं की कागद ज्याचा त्याला. (मी विचारलं, तुझ्याकडं नक्कल नाही ठेवायची? म्हणाला, दुसऱ्यांच्या पूर्वजांवर आपला हक्क नाही, मोठेबाबा.) काल मंगळवारी रूपला तो कागद घेऊन वाशीमला गेला, तर प्रतिज्ञापत्र टाइप करणारा म्हणाला की एवढी स्वच्छ वंशावळ मी पहिल्यांदा पाहतो, कोणत्या वकिलाची आहे. पुढं काय होईल ते होवो, पण म्हातारा परत आला तो चालत नव्हता, मिरवत होता.

एका गोष्टीनं मात्र एल्डर येसुपादम बुचकळ्यात पडले. कागदावर जन्मतारखेचा रकाना असतो, आणि ज्याच्या त्याच्या दाखल्यावर एकच तारीख, एक जून. आजोबा एक जून, बाप एक जून, तिन्ही पोरं एक जून. त्यांनी इंग्रजीत विचारलं की या गावात एक जूनला असं काय होतं. काय सांगणार? शाळेत नाव घालायला आई-बाप पोराला हाताला धरून आणायचे, जन्म विचारला तर म्हणायचे, पोळ्याच्या आसपास असेल. मग मास्तर एक जून टाकून मोकळा व्हायचा. त्या अंगणातल्या निम्म्या लोकांना त्या तारखेला मीच जन्माला घातलं आहे. मी ते कबूल केलं नाही. वर्षाच्या मध्यात हवा चांगली असते, असं काहीतरी सांगितलं.

मी मास्तर माणूस, त्यामुळं या नावांचं पुढं काय करता हे विचारल्याशिवाय मला चैन पडलं नाही. (त्यानं लपवलं नाही, सरळ सांगितलं.) आपल्या घरच्या मेलेल्या माणसांच्या नावानं त्यांच्या मंदिरात जिवंत माणूस पाण्यात बुडी घेतो, आणि मग ते मानायचं की नाही हे त्या मेलेल्या माणसाच्या मर्जीवर असतं. आईनं हे शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली की सासूच्या नावानं पाण्यात जाऊ नको, ती जिवंतपणी गार पाण्याला भेत होती. सासरे रायभानजी यांना मर्जी विचारण्यात अर्थ नाही, त्यांनी जन्मात कोणाचं काही मानलं नाही. आणि आपल्या बाविषयी विचारलं तेव्हा तिची चेष्टा थांबली. ‘तो एकडाव दीक्षा घेऊन आला,’ ती म्हणाली. ‘सोताच्या पायानं गेला होता नागपूरले. त्याले आता दुसऱ्या रांगेत नाही उभं करायचं.’ प्रज्वल म्हणाला, नाही आजी, फक्त नाव लिहितो, तू म्हणशील तेवढंच. आणि तेवढंच लिहिलं. (इथं कंस लावायचे राहून गेले. राहू दे.)

रविवारी आई त्याचा हात धरून विहारात गेली. एल्डर येसुपादम अर्थातच बरोबर, खुर्चीसकट. वंदना चालू असताना प्रज्वल मागं मांडी घालून, हात जोडून, गप्प बसला होता. तोंड हलवलं नाही आणि मान वळवली नाही. मला वाटलं होतं आईला वाईट वाटेल. ती घरी येऊन म्हणाली की शिकवलेलं विसरला नाही, मोठ्यांच्या बैठकीत कसं बसायचं ते. मग त्या दोघांनी खोलीत बसून फोनवर हैदराबादची त्यांची प्रार्थना ऐकली, आणि आई दारापाशी तांदूळ निवडत बसली. तांदूळ तिनं आदल्या दिवशीच निवडले होते.

आता सोमवार. सोमवार त्यांचा मोकळा दिवस, कपडे धुवायचे, पत्रं लिहायची आणि घरी फोन करायचा. अकरा वाजता त्यानं ओसरीवरून फोन लावला. आईला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला होता. पल्लवीनं उचलला. आणि सतीश, पल्लवीच्या आवाजाच्या मागं आम्ही सगळ्यांनी खुर्ची सरकलेली ऐकली, चपला ऐकल्या आणि दार ऐकलं. तुझी दुसरी पाळी दोनला असते. अकरा वाजता तू कुठं जातोस ते मी विचारत नाही. पल्लवीनं जरा थांबून सांगितलं, बाबा विचारत होते तिकडं पाऊस आहे का. प्रज्वल म्हणाला, त्यांना सांग, नाही म्हणावं, ऊन आहे. मग त्यानं विचारलं, बाबा जेवले का. ती म्हणाली, हो, आणि तू जेवलास का असं विचारत होते. घरात नसलेला माणूस एवढे प्रश्न विचारतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. फोन संपला तेव्हा आई उठून आत गेली होती.

दुपारी तिनंच त्याला बोलावलं. म्हणाली, तो कागद आण, रायभानजीचं राह्यलं. प्रज्वलनं लिहायला घेतलं आणि तिनं सांगायला. ते तुला आणि मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. छप्पन साली बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला, तेव्हा आईच्या लग्नाला वर्ष झालं होतं. आल्या दिवशी त्यानं देव्हारा उचलून घराबाहेर काढला. रायभानजींनी तोंडातून शब्द काढला नाही, आणि पुढंही काढला नाही. बाप-लेक एकाच घरात सात वर्षं राहिले, एकाच शेतात राबले, एकाच चुलीचं जेवले आणि बोलले नाहीत. जे काही बोलायचं ते आईच्या तोंडून. म्हातारा म्हणायचा, त्याला सांग बैल सोड म्हणावं. लेक म्हणायचा, बाला सांग सोडले म्हणून. दोघं दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे आणि ही अठरा वर्षांची सून मधे पदर सावरून उभी.

‘मले वाटे, तोंडं त्यायची अन् जीभ माही,’ आई म्हणाली. ‘कधीकधी मी माह्याच मनानं काही लावून देओ. म्हातारा काही म्हणे नाही, तरी मी सांगो, बा इचारून राह्यले, जेवला का.’

प्रज्वलचं पेन थांबलं होतं. त्यानं विचारलं, मग शेवटी बोलले का.

‘मराच्या आदल्या रोजी. म्हातारा म्हणला, पुंजा, पाणी दे. बस, तेवढंच. तुह्या आजानं दिलं, अन् गोठ्यात जाऊन लहान पोरावानी रडला.’ मग उठता उठता ती म्हणाली, ‘आता पल्लवी तेच करून राह्यली. तिले कोणी इचारलं का?’

रायभानजी गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, तू जन्मायचा होतास. बाला आपण दोघांनी कायम ताठ मानेनं पाहिलं. दर वर्षी नागपूरला नेताना तो आपल्याला सगळं सांगायचा, कुठं उभा होता, किती माणूस होता. हे एक सांगितलं नाही. मी मास्तर असून कधी विचारलं नाही. मला त्या दुपारी फार वाईट वाटलं, सतीश, आणि ते कोणासाठी हे मला नीट सांगता येणार नाही.

आज सकाळच्या एसटीनं दोघं गेले. पायाची सूज उतरली आहे, प्लास्टर अजून तीन आठवडे आहे, रूपलानं घडवून आणलेली काठी बरोबर दिली आहे. रुपाबाईनं एवढे लाडू बांधून दिले की बॅगेचं तोंड मिटेना. भागिरथाबाई शेवटपर्यंत त्यांना साहेबच म्हणत होती. पत्र लांबलं. पोरांच्या वहीत असं पाल्हाळ दिसलं असतं तर मी लाल शाईनं आडवी रेघ मारली असती.

पल्लवीला सांभाळ, पित्ताची गोळी उपाशी पोटी घे.

तुझा थोरला भाऊ,
किशन

ता. क. : प्रज्वलच्या कागदावर तुझ्या जन्मतारखेचा रकाना कोरा आहे. दाखल्यावरचा एक जून त्यानं लिहिला नाही, खरी असेल तेव्हा लिहीन म्हणाला. आईला तारीख आठवत नाही. एवढंच आठवतं की सोंगणी झाली होती, मळणी व्हायची होती आणि बा अंगणातून आत यायला तयार नव्हता, कारण त्याला मुलीची आशा होती.

ता. क. दुसरा : आईला विचारलं, सतीशला तुझा काही निरोप लिहू का. म्हणाली, मी निरोप पोचवायचं काम सोडून साठ वर्सं झाली.

ता. क. तिसरा : हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतो आहे, शनिवारपर्यंत मिळावं, कारण एक गोष्ट माझ्या हातून घडली आहे. सकाळी एसटीच्या पायरीवर उभं राहून प्रज्वलनं मला विचारलं, मोठेबाबा, बाबा तुमच्याशी माझ्याबद्दल काही बोलले का. मी म्हणालो, हो, म्हणाले की येत्या सोमवारी फोन मी उचलतो. आयुष्यात मी इतक्या पोरांचं खोटं पकडलं, पण त्यानं माझं पकडलं नाही. दोन्ही हातांनी माझा हात धरला, आणि कंडक्टरनं घंटी दिली. तू असं काही म्हणाला नव्हतास हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. त्याला माहीत नाही.